मानशीचं दार कोणाच्या हाती?

गोव्याच्या पर्यटनाबद्दल कुणी तक्रारीचा सूर लावला की एक उत्तर ठरलेलं असतं. हॉटेलवाल्यांच्या बैठकीत ते ऐकू येतं, राजकीय भाषणांत ऐकू येतं आणि शनिवार-रविवार जोडून गाडी काढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरांतही ऐकू येतं. गोव्याला पर्यटनानं जगवलं, त्याआधी तिथं होतं काय? थोडा भात, थोडी मासळी, काजू आणि पोटासाठी बोटीवर नाहीतर आखातात जाणारी तरुण मुलं. आज दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत आहे. जमिनी विकल्या त्या गोमंतकीयांनीच. कचरा, पाणी, गर्दी हे प्रश्न व्यवस्थापनाचे आहेत. कायदे आहेतच, अंमलबजावणी कडक केली की झालं. आणि एवढ्यावरही समाधान नसेल, तर तुम्हांला गोव्याचं दार लावून घ्यायचं आहे, असं स्पष्ट सांगा.

हा युक्तिवाद मांडणारे सगळे लबाड नाहीत. त्यातल्या अनेकांच्या घरची चूल पर्यटनावर पेटते. म्हणूनच त्याला घोषणेनं उत्तर देऊन भागत नाही. त्यातलं एकेक विधान हातात घेऊन तपासायला हवं, आणि सुरुवात अर्थातच पहिल्या प्रश्नापासून व्हायला हवी: आधी तिथं होतं काय?

मांडवी आणि झुवारी या नद्यांना भरतीचं खारं पाणी समुद्रापासून कितीतरी आतपर्यंत चढतं. या नद्यांच्या काठच्या सखल, दलदलीच्या जमिनी बांध घालून शेतीखाली आणण्याची विद्या गोव्यानं पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी मिळवली होती. या जमिनी म्हणजे खाजन. आजही सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन गोव्यात सांगितली जाते. राज्याचं क्षेत्रफळच ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे ही काही कोपऱ्यातली हौस नव्हती, अख्ख्या किनारपट्टीच्या भाताचा हा आधार होता.

खाजनाचा प्राण असतो मानशीत. बांधात जिथं ओहोळ नदीला मिळतो तिथं चिरेबंदी बांधकाम करून लाकडी दार बसवलेलं असतं, तीच मानस. हे दार वरून टांगलेलं असतं आणि नदीच्या बाजूलाच उघडतं. भरती चढू लागली की नदीचं पाणी बाहेरून रेटा देतं आणि दार चौकटीवर घट्ट बसतं. खारं पाणी बाहेरच अडतं. ओहोटी लागली की आत साचलेल्या पाण्याचा जोर वाढतो, दार आपोआप बाहेर ढकललं जातं आणि शेतातलं जादा पाणी नदीत निघून जातं. पावसाळ्याच्या सुरुवातीला पहिल्या सरींनी मातीतला खार विरघळतो आणि याच दारातून बाहेर पडतो. मगच पेरणी. कोरगूटसारखं खारेपण सोसणारं भात याच मातीत तयार झालं. आतल्या पोंयीत, म्हणजे पाणी साठणाऱ्या सखल भागात, काळुंदर, शेवटो, कोळंबी वाढते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ती धरली जाते. भात, मासळी, कुठं मीठ, बांधावर माड, आणि बांधाच्या पायाशी लाटा अडवणारी खारफुटी. एकाच पाण्यातून एवढं सगळं घेणारी व्यवस्था जिथं शतकानुशतकं चालली, तिथं "होतं काय?" हा प्रश्नच अज्ञानाचा आहे.

या व्यवस्थेमागे गावकरी ही गावसंस्था होती. पोर्तुगीज अमलात तिला कोमुनिदाद म्हणू लागले. १५२६ साली अफोन्सो मेशिया यांनी केलेल्या फोराल या सनदेमध्ये गावकऱ्यांच्या रीतिभाती नोंदवलेल्या आहेत. बांधाची डागडुजी कुणी करायची, फुटला तर धावून कुणी जायचं, मानशीतल्या मासळीचा लिलाव कसा व्हायचा, हे गाव ठरवत असे. हा काही स्वर्ग नव्हता. हक्क होते ते गावकर घराण्यांतल्या पुरुषांचे. बांधावर चिखल वाहणाऱ्या गावडा-कुणबी कष्टकऱ्यांना त्या बैठकीत जागा नव्हती. पण एक गोष्ट तिथं पक्की होती. दार कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, हे ज्यांच्या शेतात पाणी शिरणार होतं त्यांच्या गावातच ठरत होतं.

ते दार हातचं कसं गेलं, ही गोष्ट पर्यटनाच्या आधीपासून सुरू होते. मुक्तीनंतर १९६४ चा कुळ कायदा आला आणि पुढं कसणाऱ्याला जमीन मिळाली. हा न्याय होता, आणि तो उशिराच झाला होता. पण कोमुनिदादींचा अधिकार सुटला तेव्हा बांधांची जबाबदारी नव्या कुळ मंडळांवर आली, आणि त्यांपैकी अनेकांकडे ना पैसा होता ना एकी. त्याच काळात कोळंबीला भाव चढला. मानशीतल्या मासळीचा ठेका भातापेक्षा जास्त पैसा देऊ लागला. ठेकेदाराला मासळी हवी होती आणि मासळी खाऱ्या पाण्याबरोबर येते. मग भरतीला मिटायचं दार उघडं राहू लागलं. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी झाल्या. खार शेतात शिरला, भात जळलं, शेतं पडीक पडली, आणि पडीक जमीन पाहून मग म्हणायला सगळे मोकळे झाले की शेती कुणाला करायचीच नाही.

गोव्यात पुढं जे जे घडलं त्याचा साचा हाच आहे. बाजाराला एकच गोष्ट हवी असते आणि त्या एका गोष्टीसाठी दार सताड उघडलं जातं. पैसा थोड्यांच्या हाती लागतो, खारं पाणी मात्र सगळ्यांच्या शेतात शिरतं.

समुद्रावर हेच झालं. रापण ही किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि मासळीचे वाटे पडतात. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारी मदतीनं यांत्रिक ट्रॉलर आले, ते निर्यातीच्या कोळंबीसाठी काठालगतचा तळ खरवडू लागले आणि रापणीला येणारी मासळी आटली. त्या वेळी रापणकारांना सांगितलं गेलं ते आजच्यासारखंच होतं: हा विकास आहे, परकीय चलन येतं आहे, तुम्ही काळाच्या आड येऊ नका. रापणकार संघटित झाले. मातान्ही साल्दान्हा यांच्यासारखे नेते त्या लढ्यातून पुढं आले आणि १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचं नियमन करणारा कायदा झाला. आज मत्स्यशास्त्र जे काठालगतच्या समुद्राबद्दल सांगतं, ते रापणकार तेव्हाच सांगत होते. माशांची पैदास आणि वाढ जिथं होते तिथंच तळ खरवडला, तर पुढच्या हंगामाला काय उरणार?

डोंगरांत खाण होती. चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत रस्त्यांवर ट्रकांची अखंड रांग लागली. टाकाऊ मातीच्या डोंगरांवरून पावसात वाहून आलेला गाळ शेतांत आणि ओहोळांत बसला. खाणीचे खड्डे भूजलाखाली गेले आणि आसपासच्या विहिरी आटल्या. "खाण म्हणजे गोव्याचा कणा" हे वाक्य तेव्हा रोज कानावर पडत असे. २०१२ साली बेकायदा खाणकामाबद्दलचा न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल आला, उत्खनन थांबलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. मधल्या काळात, २०१७ साली, सत्तरीतल्या सोनशीच्या गावकऱ्यांनी धुळीविरुद्ध ट्रक अडवले तेव्हा तुरुंगात गेले ते हे गावकरीच, ४५ जण. खाण थांबली तेव्हा कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेली घरं उघड्यावर पडली. रोजगाराचा दाखला ज्यांच्या नावानं दिला जात होता, त्यांना वाऱ्यावर सोडायला कणा म्हणवणाऱ्या धंद्याला एक दिवसही लागला नाही.

आता पर्यटन. २०१९ साली गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले, २०२४ साली ही संख्या एक कोटीच्या पुढं गेली. त्यातले परदेशी पाच लाखांच्या आतले. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पुढच्याच महिन्यात विमानं उतरू लागली; आतापर्यंत तुलनेनं शांत राहिलेल्या पेडणे तालुक्याचा भाव रातोरात बदलला.

पर्यटनानं गोमंतकीयांना काही दिलं नाही, असं कुणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. कळंगुटच्या बाईनं घराच्या दोन खोल्या भाड्यानं देऊन मुलं शिकवली, रापणकारांच्या घरांतल्या मुलांनी शॅक टाकले, पोरांनी टॅक्सी घेतली. हा पैसा कष्टाचा आणि सन्मानाचा आहे. आक्षेप त्यावर नाहीच. आक्षेप आहे तो या कष्टाच्या पैशाच्या आड दडून केल्या जाणाऱ्या दुसऱ्याच व्यवहारावर. दोन खोल्यांच्या घराला लागणारं पाणी आणि पोहण्याच्या तलावांसह उभ्या राहणाऱ्या व्हिलांच्या वसाहतीला लागणारं पाणी सारखं नसतं. धोरणाच्या कागदावर मात्र दोघांचं नाव एकच: पर्यटन.

पाण्याचाच हिशेब पाहू. बार्देश आणि पेडण्याची मोठी तहान भागते ती तिळारीच्या पाण्यावर. तिळारीचं धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. महाराष्ट्र आणि गोव्याचा हा संयुक्त प्रकल्प. तिथली गावं उठली ती शेतांना पाणी मिळेल या आश्वासनावर. कालवा फुटला की उत्तर गोव्यातल्या गावांचे नळ कोरडे पडतात आणि रस्त्यावर टँकर दिसू लागतात. असं असताना तिळारीच्या लाभक्षेत्रातली धारगळची शेतजमीन एका पर्यटन प्रकल्पासाठी लाभक्षेत्रातून वगळण्यात आली. दोडामार्गच्या ज्या कुटुंबानं घर सोडलं, त्यानं ते भातशेतीसाठी सोडलं होतं. हे पाणी पुढं कशासाठी वापरलं जाणार, हे त्या कुटुंबाला कुणी विचारलं नाही आणि धारगळच्या शेतकऱ्याचा विरोधही कुणी मनावर घेतला नाही.

कचऱ्याचंही तेच. किनारी पट्ट्याचा कचरा वर्षानुवर्षं साळगावच्या पठारावर टाकला गेला. २०१६ मध्ये तिथं दिवसाला १०० टन क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत ही क्षमता २५० टनांवर न्यावी लागली. प्रकल्प चांगला आहे, तो हवाच होता. पण क्षमता वाढवत नेणं म्हणजे व्यवस्थापन, ही समजूत चुकीची आहे. कोणत्याही गावाचं पाणी, जमीन आणि हवा किती माणसांचा भार सोसू शकते, याचा आकडा आधी काढावा लागतो आणि परवानग्या त्यानंतर द्याव्या लागतात. गोव्यात परवानग्या आधी दिल्या गेल्या. आकड्याची आठवण नळ आटल्यावर आणि कचरा तुंबल्यावर झाली.

"जमिनी त्यांनीच विकल्या" हे विधान सगळ्यांत बोचरं आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. जमिनी विकल्या गेल्या, हे खरं. पण शेतजमीन शेतजमिनीच्या भावानं विकली जाते. तिचं सोनं होतं ते क्षेत्र बदलल्यावर. तो बदल गावकऱ्याच्या हातात नसतो, सरकारच्या हातात असतो. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालण्यात आलं. प्रादेशिक आराखड्यातल्या "चुका" दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचं क्षेत्र बदलण्याची वाट त्यानं उघडली. गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी ऑफ गोवा न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं या कलमाखालचे नियम रद्दबातल केले. नकाशावर शेजारच्या भूखंडाचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, तिथं चार मजले उठले, ओहोळ बुजला आणि आपल्या शेतात पाणी तुंबू लागलं, तर उरलेला शेतकरी किती वर्षं तग धरणार? अशा माणसाच्या सहीला मुक्त इच्छा म्हणणं अन्यायाचं आहे.

याच गोमंतकीयांनी विरोध केल्याची उदाहरणंही मग मोजायला हवीत. डिसेंबर २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि सरकारला तो मागं घ्यावा लागला. वर्षभरात विशेष आर्थिक क्षेत्रंही रद्द झाली. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मोलेच्या जंगलासाठी विद्यार्थी, शास्त्रज्ञ, चित्रकार उभे राहिले आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. गोव्यातले पर्यावरणवादी प्रत्येक गोष्टीला विरोध करतात, अशी तक्रार असते. ते ज्या गोष्टींना विरोध करतात त्या न्यायालयात पुनःपुन्हा बेकायदा का ठरतात, याचं उत्तर तक्रार करणाऱ्यांनी द्यावं.

"कायदे आहेतच" हाही मुद्दा इथंच येतो. होय, आहेत, आणि चांगले आहेत. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत: खाजन जमिनींचे नकाशे करावेत, तिथं विकासकामांना परवानगी नाही, वाळूच्या टेकड्या राखाव्यात, मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीसाठी संरक्षित असावेत. वाळूची टेकडी ही पर्यटकाच्या नजरेला मोकळी, रिकामी जागा वाटते. प्रत्यक्षात तिच्यावरच्या वेली वाळू धरून ठेवतात, वादळाची लाट तिच्यावर फुटते आणि तिच्या पोटातलं गोडं पाणी मागच्या विहिरींना पुरतं. ती सपाट करून लाकडी खोल्या टाकल्या की नजारा मिळतो. विहीर खारी होते ती मागच्या घराची.

कायदा कागदावर आणि व्यवहार वेगळा, याची किंमत ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यात मोजली गेली. मिठागरांच्या पाणथळ परिसरात उभ्या असलेल्या एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. ते बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीनं आधीच काढली होती, पण वरच्या कार्यालयानं तिला स्थगिती दिली होती. गावानं मानशीचं दार मिटायला हात घातला होता. तो हात वरून धरला गेला.

मेलेल्यांत बहुतेक जण तिथले कामगार होते, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. ही गोष्ट गोव्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही नीट ऐकायला हवी. गोव्याच्या दुखण्याचं खापर "बाहेरच्यां"वर फोडण्याची सवय अलीकडं वाढली आहे, आणि पर्यटनाचे समर्थक तेवढंच वाक्य उचलून सगळी तक्रार परप्रांतीयांच्या द्वेषात काढतात. दोघंही चुकतात. भांडी घासायला आलेला झारखंडचा किंवा नेपाळचा मुलगा गोव्याची टेकडी कापत नाही. टेकडी कापायचा निर्णय घेणारे, त्यावर सही करणारे आणि त्यातून नफा काढणारे कोण, हा प्रश्न आहे. त्यांत दिल्ली-मुंबईचे जसे आहेत तसे अस्सल गोमंतकीयही आहेत.

मग दार लावून घ्यायचं का? या प्रश्नाचं उत्तर खाजनात राहणाऱ्याला विचारावं. कायमची बंद मानस शेत बुडवते, कारण पावसाचं पाणी बाहेर पडत नाही. कायमची उघडी मानस शेत जाळते. दार हवंच, आणि ते चालतं असायला हवं. पर्यटनाच्या बाबतीत याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे. पंचायत क्षेत्रात पाणी किती, सांडपाणी कुठं जातं, कचरा किती झेपतो, याची मोजणी आधी व्हावी आणि त्या मोजणीच्या बाहेरची परवानगी कुणालाही मिळू नये. खाजनांचे आणि वाळूच्या टेकड्यांचे नकाशे गावासमोर ठेवून पक्के व्हावेत. ग्रामसभेचा नकार वरच्या कार्यालयातल्या एका सहीनं पुसला जाऊ नये. पुसायचाच असेल तर कारणं लेखी, जाहीर आणि न्यायालयात टिकणारी असावीत. पर्यटनातून मिळणाऱ्या कराचा ठरावीक वाटा बांधांच्या आणि मानशींच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, कारण पाहुण्यांना जो हिरवा गोवा दाखवून बोलावलं जातं तो याच बांधांच्या आत पिकतो. आणि जुन्या गावकरीत ज्यांना बैठकीत जागा नव्हती त्या बायका, कुणबी आणि भूमिहीन या नव्या ग्रामसभेत पहिल्या रांगेत असावेत.

यात अशक्य असं काही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्था आणि गावकरी यांनी २००२ पासून कासवांची घरटी राखली. पुढं कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्याच घरांत उतरू लागले, त्यांच्याच हातचं जेवू लागले. ते येतात ते पिल्लं समुद्रात जाण्याच्या वेळेला. कासवांच्या हंगामानं पर्यटकांचं वेळापत्रक ठरवलं. मोरजीला हेच दोन हंगाम एकमेकांवर आदळतात. कासवं विणीला येतात त्याच महिन्यांत किनाऱ्यावर दिवे आणि संगीत असतं. वनखात्याचे लोक घरट्याभोवती जाळी उभी करून रात्रभर राखण करतात आणि काही अंतरावर किनारा उजळलेला असतो. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाकडं चालतं. समुद्रावरचा उजेड त्याला खुणावायला हवा, आणि त्या रात्री कोणते दिवे विझवायचे हे सांगण्याचा अधिकार मोरजीच्या ग्रामसभेला आहे की नाही, हे गोवा सरकारनं आता ठरवायचं आहे.